एक, दोन, चार, पाच, तीन

ऐरोलीत, सेक्टर आठच्या गल्लीत
सकाळी पावणेसातला
मी किल्ली अर्धीच फिरवतो आणि थांबतो.
शेजारचे कुलथे त्यांच्या विजेच्या गाडीतून
आवाज न करता निघूनही गेलेले असतात.
डॅशबोर्डवर नारिंगी दिवा, गुंडाळल्या तारेचा.
तो विझला
म्हणजे आता पेटायला हरकत नाही.

आधी एक खोकला. मग दुसरा.
मग पाचांची पंगत बसते:
एक, दोन, चार, पाच, तीन.
तिसऱ्याला शेवटी वाढतात.
हा क्रम ज्या जर्मन माणसाने ठरवला
त्याच्या घरीही बहुधा
यजमान मागून जेवत असावा.

नात बालवाडीत असंच मोजते.
बाईंनी डायरीत लाल शाईने लिहिलं,
‘पालकांनी लक्ष द्यावे.’
मी सही केली. लक्ष आहे.

गाडी आमच्या मोठ्या साहेबांची, चौऱ्याऐंशीची, डिझेल.
रबाळ्याचा रंगांचा कारखाना बुडाला
तेव्हा बॉयलर किलोने गेला,
भोंगा कोणी उचलला ठाऊक नाही,
आणि ही शेडमागे, चारही टायर बसलेले,
मागच्या सीटमध्ये घुशीची पिल्लं.
लिलावात मी सोडून कोणी हात वर केला नाही.
मी टूलरूमचा फिटर. लोकांनी पत्रा पाहिला,
मी बॉनेट उघडलं होतं.

तुर्भ्याच्या इनासने टाकीतली काळी खळ उपसली,
नवी बॅटरी जोडली,
आणि अकरा वर्षांनी, तिसऱ्या प्रयत्नात, लागली.
मी म्हटलं, आपली वाट बघत होती.
इनास म्हणाला, वाट नाय बघत. नुसती बसली होती.

आता चेन बघा. दुहेरी.
रहाटाला लावली तरी विहीर उपसेल.
सहा लाख बारा हजारांवर
किलोमीटर मोजणारं यंत्र थकलं,
इंजिनाला कोणी कळवलं नाही.
दर नरकचतुर्दशीला, अंगाला तेल लागलेलंच असतं तेव्हा,
चौदाचे दोन पाने घेऊन दहा व्हॉल्व्ह लावतो.
इनटेकला मिलिमीटरचे दहा शतांश, एक्झॉस्टला तीस.
तापलं की लोखंड फुलतं,
त्याला फुगायची जागा आधीच ठेवायची.
(हेमलता म्हणते, हे तुम्हाला लोखंडाबद्दल बरं सुचतं.)

मुंब्रा बायपासच्या चढावर
सिमेंटचे ट्रकही हात दाखवून पुढे जातात.
जाऊ देत.

आणि एक दोष सांगितलाच पाहिजे.
गेल्या श्रावणापासून
किल्ली काढून खिशात टाकली तरी हे चालूच राहतं.
एकदा पेटलं की याला वीज लागत नाही,
थांबायला मात्र पोकळी लागते.
बारीक नळीतून पोकळी जाते, डिझेल तोडते.
ती नळी चिरली.
पोकळीत हवा शिरली.

इनास म्हणतो, शंभर रुपयांचं काम.
मी म्हणतो, बघू.

कारखाना थांबवला तेव्हा
फाटकावर कागद चिकटवला होता.
सही कुठल्या तरी सातव्या मजल्यावरची.
कोणी आत आलं नाही,
तिसऱ्या पाळीची यंत्रं गरम होती
त्यांच्यावर कोणी हात ठेवला नाही.

म्हणून राहू दे.
हिला थांबवायचं असेल त्याने खाली उतरावं,
बॉनेट उचलावं, डोळ्यांत धूर घ्यावा,
भट्टीइतक्या तापल्या अंगाजवळ हात न्यावा
आणि तो छोटा खटका
आपल्याच बोटाने दाबून धरावा.

मी रोज धरतो.
एक, दोन.
चार.
पाच…
आणि बऱ्याच वेळाने, जवळजवळ नको म्हणत,
तीन.

इनास म्हणतो, शेवटचा ठोका कुणाचा
ते बाहेरून कळतच नाही, दादा.
तुम्हाला ऐकू येतं.